ए म्हणजे अनसूया

भार्गव विचारतो, बघू का?
विचारतो म्हणजे काय, रिमोट त्याच्याच हातात.
बाराव्या वर्षी जेवढं विचारतात तेवढं.
पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरं उमटतात:
सोळा वर्षांवरील. हिंसा. शिवीगाळ. धूम्रपान.
ह्यांची मागावर रात्रपाळी,
म्हणजे हो किंवा नाही, जे काय ते माझ्याच पदरात.

मी शेवटच्या शब्दाशी अडते.

आमच्या घरात विडी कुणी ओढली नाही.
वळल्या मात्र सगळ्यांनी.
आई, मावशी, धाकटी काकू,
आणि पानं कापायला मी, सातव्या वर्षापासून.
पत्र्याचा फर्मा पानावर दाबायचा, कडेनं कात्री फिरवायची,
शिरा काढायच्या, गठ्ठा आईकडे सरकवायचा.
मांडीवरचं सूप भरत जायचं.
हजार झाल्या की पाटी उचलून कारखान्यात,
तिथं चेकर दोन बोटांनी छाट काढून फेकायचा.
त्या सुपाच्या कोपऱ्यात
वयाचा आकडा कुणी लिहिला नव्हता.

हप्ता शनिवारी.
शनिवारी टॉकीज.
साखर पेठेतून आम्ही निघायचो, सात-आठ बाया, चार पोरं,
सगळ्यांच्या अंगाला जर्द्याचा वास.
एकदा पोस्टरवर, गोलात, एकच अक्षर.
दारावरचा महिबूबचाचा आडवा आला,
नरसम्मा, पोरीला नको, हा ए आहे, ए.
मी पाचवीत. इंग्रजी नुकतंच लागलेलं.
म्हटलं, चाचा, ए म्हणजे अनसूया.
तो इतका हसला
की माझं तिकीट फाडायचं विसरला.

आत पंख्यांची घरघर, शेंगांची टरफलं,
आणि नको ते आलं की आईचा पंजा माझ्या डोळ्यांवर.
कळ्ळू मूसुको.
मिटायला सांगायची गरजच नव्हती,
तंबाखूनं डोळे आपोआप चुरचुरायचे.
तरी फटीतून मिळायचं थोडं थोडं:
जिना. लाल काठ. फुटलेली बांगडी.
उरलेलं मी रात्री अंथरुणात रचायचे
आणि माझं पिक्चर त्यांच्यापेक्षा भयंकर निघायचं.

त्या दिवशी पडद्यावर नवरा कमरेचा पट्टा सोडत होता.
पंजा आला. मी मान वळवली, तिच्याकडे पाहिलं.
एका हातानं माझे डोळे झाकलेले,
आणि तिचे स्वतःचे, गच्च मिटलेले.
तिकिटाचे पैसे मोजून दिले होते तिनं.

घरी तसं काही चालू असलं
की माझ्या डोळ्यांवर ठेवायला
तिचा हात मोकळा नसायचा.

नणंद म्हणते, मोबाईलमध्ये सगळं आहेच,
तू कुठं कुठं पुरशील.
शाळेतल्या मॅडम म्हणतात, मनावर परिणाम होतो.
दोघी खरं बोलतात, म्हणून तर पंचाईत.

लाव, मी म्हणते. पण मी इथंच बसणार.
तो तोंड वाकडं करतो. लावतो.
मधे ताटली, कडक भाकरी, शेंगाचटणी.
अर्धा तास बरा जातो, विनोदसुद्धा येतात,
काही मला कळत नाहीत, त्याला कळतात,
तो हसणं गिळतो. मी गिळणं बघते.

मग एक स्वयंपाकघर. दार आतून लागतं.
माणसाचा हात कमरेकडे जातो
आणि माझा उजवा पंजा, माझ्या नकळत, मांडीवरून उठतो.

त्याआधीच कुणाचा तरी तळवा माझ्या डोळ्यांवर.
लहान, चटणीनं तेलकट, लसणीचा वास.
आई, तू हे नको बघू.
तुला नाही सोसायचं.

ह्याला कुणी सांगितलं?
मी तर कधी काहीच,
अगदी काहीच नव्हतं सांगितलं.

बोटं त्याची अजून बारीक आहेत, फटी मोठ्या.
मला सगळं दिसत होतं.
त्यालाही.
रिमोट चादरीच्या घड्यांत कुठंतरी गेला होता.
आम्ही दोघांनीही तो लगेच शोधला नाही.